मातीच्या मास्तरांकडे कचरा कसा आला

जिओटेकच्या, म्हणजे माती आणि पायाच्या इंजिनिअरिंगच्या, एखाद्या ज्येष्ठ प्राध्यापकाचा बायोडेटा उघडा. सुरुवातीला मातीची धरणं, पाइल (जमिनीत खोल उतरवलेले खांब), भराव. अर्ध्यानंतर लीचेट (कचऱ्यातून झिरपणारं घाण पाणी), लायनर (खड्ड्याचं अस्तर), दूषित भूजल. हा सांधा 1980 च्या दशकातला आहे. 1925 पासून सॉइल मेकॅनिक्स, म्हणजे मातीच्या यांत्रिकीचं शास्त्र, कसं उभं राहिलं, ते सिव्हिलवाल्यांना सांगायला नको. पहिली पन्नास वर्षं मुख्य प्रश्न भाराचा होता. धरणातून पाणी किती झिरपतं हे मोजत, ते कसलं पाणी आहे हे क्वचितच कोणी विचारी.

अमेरिकेत 1976 मध्ये घातक कचऱ्याचा कायदा आला. 1978 मध्ये नायगारा फॉल्स शहरातल्या लव्ह कॅनॉल वस्तीत पुरलेली रसायनं घरांच्या तळघरांत झिरपली आणि माणसं हलवावी लागली. कचऱ्याच्या खड्ड्याला चिकणमातीचं अस्तर हवं, असं ठरत गेलं. चिकणमाती रोलरखाली दाबण्याची विद्या धरणवाल्यांची, म्हणून काम त्यांच्याकडे आलं.

अस्तराच्या पर्मिअबिलिटीची, म्हणजे त्यातून पाणी झिरपण्याच्या वेगाची, मर्यादा ठरली सेकंदाला सेंटिमीटरचा एक कोटीवा भाग. प्रयोगशाळेत ती गाठणं अवघड नाही. चाळलेली माती, मुठीत मावेल एवढा नमुना, वर ब्युरेट, म्हणजे खुणांची काचेची नळी. सकाळी पेन्सिलने खूण करावी, संध्याकाळी पाहावं तर पाणी जेमतेम केसभर उतरलेलं. पण 1984 च्या सुमारास प्रत्यक्ष कचऱ्याच्या जागांवरची मोजमापं छापून आली आणि काही ठिकाणी गळती प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या दहापट ते हजारपट निघाली. कारण साधं होतं. साइटवर ढेकळं असतात, दोन थरांमध्ये फट राहते, ऊन लागलं की भेगा पडतात. प्रयोगशाळेतल्या साच्यात यातलं काहीच शिरत नाही.

मग भांडण लागलं ते कोणता आकडा धरायचा यावर. आधी साइटवर चाचणीपुरता अस्तराचा पट्टा बांधा, त्यावर दुहेरी कड्यांत पाणी भरून आठवडेच्या आठवडे मोजा, असं एका बाजूचं म्हणणं. त्यात वेळ आणि पैसा जातो, असं दुसरीचं. माझ्या मते पहिली बाजू बरोबर होती.

आपल्याकडच्या घनकचऱ्याच्या 2000 च्या नियमांत (2016 मध्ये त्यांच्या जागी नवे आले) याचा गुंता आणखी वाढला. त्यांत ‘नॉन-पर्मिएबल’ अस्तर मागितलं होतं आणि पुढे त्याच अस्तराची पर्मिअबिलिटी दिली होती: दीड मिलिमीटरचा एचडीपीई प्लास्टिकचा पडदा, खाली 90 सेंटिमीटर माती, मर्यादा तीच एक कोटीव्या भागाची. म्हणजे पडदा फाटलाच तर, साध्या हिशेबाने, मातीतून वर्षाला तीनेक सेंटिमीटर पाणी जाणार. मग ‘नॉन’ कुठे राहिलं? आकडा कोणत्या चाचणीने दाखवायचा, हेही त्या वाक्यात नव्हतं. महाराष्ट्रात ही पळवाट लहान नव्हती. आपली काळी माती ओली असताना पाणी अडवते, पण एप्रिलमध्ये तिच्या भेगांत हात जातो.

पडद्याचीही एक गोष्ट आहे. मार्च 1988 मध्ये कॅलिफोर्नियातल्या केटलमन हिल्स इथल्या कचऱ्याच्या जागेवर कचऱ्याचा अख्खा उतार सरकला, काही ठिकाणी दहा मीटरपर्यंत. ओली चिकणमाती आणि प्लास्टिक यांच्यात पकडच नव्हती. पाणी अडवायला घातलेला थरच घसरगुंडी झाला. तेव्हापासून या शाखेत उताराचं गणित पुन्हा मानाने परतलं.

2010 मध्ये पर्यावरणीय जिओटेक्निक्सची जागतिक परिषद दिल्लीत भरली, तोवर आपल्याकडे हा विषय एमटेकला रुळला होता. रस्त्यावरची भाषा मात्र मुंबईत ‘डम्पिंग’, पुण्यात ‘कचरा डेपो’ अशीच राहिली, आणि ती खरी होती. मुंबईतल्या, 1927 पासूनच्या देवनार डम्पिंगखाली असलं अस्तर नाहीच. तिथे जानेवारी 2016 मध्ये मोठी आग लागली. त्यानंतरच्या वर्षांत बायोमायनिंगने, म्हणजे जुना ढीग उकरून, चाळून वेगळा करण्याने, जोर धरला. आता या प्राध्यापकांच्या टेबलावर जुन्या ढिगातून चाळून काढलेल्या बारीक मातीच्या पिशव्या येतात. रस्त्याच्या भरावात ती चालेल का, हा प्रश्न असतो. सीबीआर (रस्त्याखालच्या मातीच्या ताकदीचा आकडा) काढतातच, शिवाय ती माती पाण्यात ढवळून त्यात कोणते धातू उतरतात तेही तपासतात.