रबर डॅम आला, पण कडेच्या फटीचं काय?

रूट कॅनॉलच्या खुर्चीत पडलं की तोंडावर निळं रबर ताणून बसवतात आणि भोकातून एकच दात वर डोकावतो. हा रबर डॅम. मागे नागपुरात माझी दाढ उघडलेली असताना घशाकडे अचानक स्विमिंग टँकचा वास उतरला. औषध दाताच्या मानेपाशी झिरपलं होतं. रबर शाबूत होतं, कड गळत होती.

1864 मध्ये न्यू यॉर्कचे दंतवैद्य सॅनफोर्ड ख्रिस्ती बार्नम यांनी ही युक्ती काढली, तेव्हा अडचण लाळेची होती. त्या काळी दातात सोन्याचा वर्ख ठोकून भरत आणि जरा ओल लागली की थर एकमेकांना धरत नसत. रबराने लाळ अडली. पुढे स्टीलचे क्लॅम्प आले, रबर दाताला पकडून राहिलं. बारीक फटीला मात्र बराच काळ जुगाडच चालले. फ्लॉसची गाठ मारायची, रबराची कड आत दुमडायची, फारच झालं तर तात्पुरत्या फिलिंगचं सिमेंट थापायचं. कूलरची टाकी गळली की आपण एम-सील लावतो, तसलाच जुगाड.

पण मग सोडियम हायपोक्लोराइट आलं, म्हणजे ब्लीचमधलं, स्विमिंग टँकच्या वासाचं तेच औषध. पहिल्या महायुद्धात, 1915 च्या सुमारास, रसायनशास्त्रज्ञ डेकिन यांनी बनवलेल्या त्याच्या सौम्य द्रावणाने सैनिकांच्या जखमा धुतल्या गेल्या. पुढे तेच दाताच्या नळ्या धुवायला घेतलं. कुजलेला गर विरघळवणारं औषध हिरडीलाही सोडत नाही. लाळ आत येऊ नये इतकंच पुरेसं राहिलं नाही. आतलं बाहेर जाऊ नये, हेही पाहावं लागलं.

आज त्यासाठी दोन तऱ्हेचे सीलंट, म्हणजे फट बुजवणारे पदार्थ, मिळतात. एक सिरिंजमधून निघणारी पेस्ट: ओल्या हिरडीलाही चिकटते, कडक होत नाही, नंतर पुसून काढता येते. दुसरं पातळ रेझिन, निळ्या लाइटखाली काही सेकंदांत घट्ट होणारं. दात पांढरे करताना हिरडी झाकायलाही तेच लावतात. घट्ट होताना ते तापतं, म्हणून थर जाड दिला की हिरडीला चटका बसतो.

नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय 1968 पासून आहे, दवाखाने गल्लोगल्ली. तरी रबर डॅम सगळीकडे लावतात असं नाही. वेळ जातो, पेशंट कुरकुरतो. आणि सीलंट म्हणजे वरचा खर्च!

माझ्या दाढेला त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी काम थांबवून फटीभोवती पेस्ट फिरवली, पुन्हा हायपोक्लोराइट सोडलं. या खेपेला वास आला नाही.