आयडेंटिफायर शोधणाऱ्या स्कॅनरला एवढ्या सेटिंग्ज का लागतात

कोडचा इंडेक्स, म्हणजे कुठलं आयडेंटिफायर (फंक्शन, व्हेरिएबल वगैरेचं नाव) कुठल्या फाइलीत आहे त्याची यादी, बनवायला घेतला की आधी ती नावं शोधणाऱ्या स्कॅनरच्या सेटिंग्ज समोर येतात, कुठल्या एक्स्टेन्शनची फाइल कुठल्या भाषेची, कुठलं चिन्ह नावात धरायचं, कॉमेंट कशाने सुरू होते, आणि वाटतं हे टूलचं टूलला का कळू नये. तर हे स्कॅनर म्हणजे कंपायलर नाहीत, भाषेचं पूर्ण व्याकरण त्यांना येतच नाही.

सुरुवात बीएसडी युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर झाली, केन अरनॉल्डने लिहिलेल्या सीटॅग्सपासून. त्याच्या टॅग्स फाइलीत नाव, फाइल आणि शोधायचा पॅटर्न असायचा. नुसता लाइन नंबर न ठेवता पॅटर्न ठेवल्यामुळे वर चार ओळी वाढल्या तरी एडिटर बरोबर जागी जायचा, मला हे अजूनही फार हुशारीचं वाटतं. पण त्यात फक्त डेफिनिशन, म्हणजे फंक्शन मुळात जिथे लिहिलंय ती जागा, सापडायची, फंक्शन कुठे कुठे वापरलंय ते नाही. ते काम बेल लॅब्समध्ये जो स्टेफनच्या सीस्कोपने केलं, पण मुख्यतः सी भाषेपुरतं.

ग्रेग मॅकगॅरीचं एमकेआयडी, म्हणजे आताचं ग्नू आयडी-युटिल्स, वेगळ्या वाटेने गेलं. डेफिनिशन असो की वापर, फाइलमधलं प्रत्येक नाव डेटाबेसमध्ये टाकायचं. मग खरा प्रश्न आला की नाव म्हणजे नेमकं काय? काही कोडमध्ये नावात डॉलर चालतो, म्हणून जास्तीची चिन्हं सांगायचा ऑप्शन आला. असेंब्लीत, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळच्या भाषेत, तर प्रत्येक असेंबलरची कॉमेंटची पद्धत निराळी, त्यात काही सिस्टिमवर सी कंपायलर नावापुढे अंडरस्कोर चिकटवायचा, मग एकच फंक्शन सी फाइलीत एका नावाने आणि असेंब्लीत दुसऱ्या नावाने दिसणार, म्हणून पुढचा अंडरस्कोर काढून टाकायची सोय. आणि कुठल्या फाइलला कुठला स्कॅनर लावायचा ते लँग्वेज मॅपमध्ये लिहायचं, नको त्या फाइली तिथेच वगळायच्या.

पुढे एक्झुबरंट सीटॅग्समध्ये रेगेक्स (मजकुरात शोधायचा पॅटर्न) लिहून नवी भाषा जोडता यायला लागली, गोंधळात टाकणारे मॅक्रो (कंपाइल करण्याआधी ज्यांच्या जागी दुसरा कोड येतो असे शब्द) वगळायची यादीही देता आली. लिनक्स कर्नलच्या टॅग्स बनवणाऱ्या स्क्रिप्टमध्ये अशी लांबलचक यादी आहे, ती एकदा वाचाच.

२०१६ साली लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटरने भाषा समजणाऱ्या वेगळ्या सर्व्हरशी बोलायची ठरलेली पद्धत, आला आणि बरंचसं काम भाषेचं व्याकरण कळणाऱ्या खऱ्या पार्सरकडे गेलं. पण अशा सर्व्हरला सी कोड नीट समजायला बिल्डचे फ्लॅग (कंपायलरला दिलेल्या सूचना) लागतात आणि त्या कॉन्फिगरेशनमध्ये बंद असलेल्या इफडेफच्या (अट लावून कोड चालू-बंद करणाऱ्या ओळीच्या) आतली नावं सहसा इंडेक्समध्ये येत नाहीत, टोकन, म्हणजे सुटे शब्द, वाचणाऱ्या स्कॅनरला मात्र ती सगळी दिसतात.