हार्मोनची इंजेक्शनं आणि सिरिंज घेऊन परदेशी जाताना

इन्सुलिन असो, टेस्टोस्टेरॉन असो, मुलांच्या वाढीसाठीचं ग्रोथ हार्मोन असो की आयव्हीएफची इंजेक्शनं, प्रवासात प्रश्न तेच विचारतात: औषध कोणाचं, कशासाठी, किती दिवसांचं? कागद जवळ असतील तर मुंबईच्या सुरक्षा तपासणीत सहसा अडत नाही. अडतं ते तिकडे उतरल्यावर, कस्टम्समध्ये. म्हणून तिकीट काढलं की आधी त्या देशाचा नियम वाचा. मधल्या मुक्कामी इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडणार असाल, तर त्या देशाचाही.

सवलत मिळते ती स्वतःच्या नावाच्या प्रिस्क्रिप्शनवर, स्वतःच्या उपचारासाठी, सोबतच्या सामानात नेलेल्या औषधाला. परदेशी शिकणाऱ्या मुलासाठी आईवडिलांनी सहा महिन्यांची इंजेक्शनं नेणं त्यात बसत नाही. कुरिअरला तर नियमच वेगळे.

किती न्यायचं? जपानमध्ये डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध एक महिन्यापुरतं चालतं. जास्त असेल तर निघण्याआधी ऑनलाइन अर्ज करून ‘यून्यू काकुनिन-शो’ हे प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ऑस्ट्रेलियात मर्यादा तीन महिने. ब्रिटनमध्ये टेस्टोस्टेरॉन आणि ग्रोथ हार्मोन दोन्ही नियंत्रित यादीत आहेत, पण तीन महिन्यांपर्यंतच्या साठ्याला लायसन्स नको, डॉक्टरांचं पत्र हवं. अमेरिकेत टेस्टोस्टेरॉन नियंत्रित औषधांच्या ‘शेड्यूल तीन’ या गटात येतं, तिथे ते जाहीर करायचं आणि साधारण नव्वद दिवसांच्या आत ठेवायचं. अमिरातीत नियंत्रित औषधांना आधी ऑनलाइन परवानगी लागते, म्हणून दुबईला निघताना आपलं औषध यादीत आहे का ते जेनेरिक नावाने, म्हणजे ब्रँडच्या नव्हे तर मूळ औषधाच्या नावाने तपासा. युरोपातलं शेंगेन प्रमाणपत्र मात्र अमली आणि मनावर परिणाम करणाऱ्या औषधांसाठी असतं. हार्मोनसाठी त्यामागे धावू नका.

सगळ्यात जास्त वेळ डॉक्टरांच्या पत्राला द्या. ओपीडीचा केसपेपर पुरत नाही: त्यावर ब्रँडचं नाव असतं, अक्षर लागत नाही आणि नोंदणी क्रमांक बहुधा नसतोच. लेटरहेडवर, इंग्रजीत, टाइप केलेलं पत्र घ्या. त्यात पासपोर्टवर आहे तसंच नाव, जन्मतारीख, आजार, जेनेरिक नाव, मात्रा, किती दिवसांनी घ्यायचं, एकूण किती अँप्यूल (काचेच्या बंद कुप्या) किंवा पेन, किती सिरिंज, किती सुया, आणि डॉक्टरांचा वैद्यक परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. लिंगबदलाचे उपचार चालू असून पासपोर्ट जुन्या नावाचा असेल, तर रोजच्या वापरातलं नाव कंसात टाकून मुख्य नाव पासपोर्टचंच ठेवा. तीन प्रती काढा: एक औषधासोबत, एक पासपोर्टसोबत, एक फोनमध्ये.

आकडे आधी मांडा. तीन आठवड्यांनी एक टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्याला नव्वद दिवसांत चार-पाच अँप्यूल लागतात. तेलकट औषध ओढायला जाड सुई आणि टोचायला बारीक, म्हणजे प्रत्येक डोसला सुया दोन. पत्रात पाच सिरिंज आणि बॅगेत पंचवीस, असं झालं की प्रश्न सुरू होतात.

खरेदी नाशिकच्या गोळे कॉलनीतल्या औषधबाजारातून करा की घराजवळच्या मेडिकलमधून, बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेलं पक्कं बिल मागा. अँप्यूल सुटी देऊ लागले तर खोकं मागून घ्या. गोळ्यांची पट्टी कात्रीने कापली की नाव एका तुकड्यावर राहतं, एक्सपायरी दुसऱ्यावर. अशी पट्टी परदेशात कोणी मानत नाही.

इन्सुलिनवाल्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्या ४० युनिट प्रति मिलीच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. परदेशात सहसा १०० युनिटचं इन्सुलिन मिळतं. ते लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात जातात ५० युनिट. तेव्हा सिरिंज इथूनच पुरेशा न्या, आणि तिकडे इन्सुलिन घ्यावं लागलं तर त्याला जुळणारी सिरिंजही तिथेच घ्या.

औषध आणि सिरिंज हँडबॅगेतच ठेवा. चेक-इन बॅग हरवली तर उपचार थांबतात. शिवाय इन्सुलिन आणि ग्रोथ हार्मोन गोठलं की वाया जातं. द्रवाची १०० मिलीची मर्यादा औषधाला आड येत नाही, फक्त ट्रेमध्ये वेगळं काढून पत्र पुढे करा. नाशिकच्या ओझर विमानतळावरून दिल्लीमार्गे निघालात तर पहिली तपासणी ओझरलाच होते. मे महिन्यात गाडीने कसाऱ्याचा घाट उतरताना पिशवी डिकीत टाकू नका, एसीत पायाशी ठेवा. गोठवलेल्या जेलपॅकला औषध थेट टेकवायचं नाही, मध्ये रुमाल घाला. टेस्टोस्टेरॉनला थंडाव्याची गरज नाही. गार झालं तर तेलात खडे धरतात, अँप्यूल तळहातात धरून ऊब दिली की विरघळतात.

उतरल्यावर औषधाबद्दल विचारलं तर ‘हो’ म्हणा. ऑस्ट्रेलियाच्या प्रवेश कार्डावर औषधं आणि स्टेरॉइड असा स्पष्ट उल्लेख आहे. तिथे ‘नाही’वर खूण केली आणि नंतर सापडलं तर प्रकरण औषधाचं राहत नाही, खोट्या माहितीचं होतं. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात जमवा. विमानाच्या शौचालयातल्या कचरापेटीत टाकू नका, केबिन क्रूला विचारा.