जरीमरी, शितळा आणि २०१३चा कायदा

माहीमची शितळादेवी आणि वांद्र्याची जरीमरी या रोगराईच्या देवी आता भर वस्तीत आहेत. कुर्ला-साकीनाक्याजवळच्या एका वस्तीचे तर नावच जरीमरी. गिरण्यांसाठी घाटावरून, कोकणातून आलेली माणसे गावची मरीआईही मनात घेऊन आली. तिच्याकडे मागणे एकच: आमच्या घराकडे वळू नकोस.

१८१८ मध्ये कॉलरा मुंबईत पोचला, १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला. रोग्यांना घरातून उचलून नेणे सुरू झाले, तशी लोकांना देवीइतकीच इस्पितळाची धास्ती वाटू लागली. त्याच वर्षी ऑक्टोबरात गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. देवीच्या रोगाची लस तर १८०२ मध्येच मुंबईत आली होती. तरी घरात देवी आल्या की फोडणी बंद आणि दाराला लिंबाचा डहाळा, हे पिढ्यान्‌पिढ्या चालले. १९७५ नंतर देशात देवीचा रोगी आढळला नाही. शितळा सप्तमीला चूल न पेटवणे मात्र उरले.

खरा वाद पेटला तो महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यावरून. मसुदा वर्षानुवर्षे अडकला होता. ऑगस्ट २०१३ मध्ये वटहुकूम निघाला, डिसेंबरात कायदा झाला. विरोधकांनी सांगितले, आता जत्रा बंद, नवस बंद, मरीआईचा पोतराजही तुरुंगात. ही भीती नाहक पसरवली गेली. पूजा, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन यांना हात लावणार नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. अंगात येणे एवढ्यानेही गुन्हा होत नाही. अंगात शक्ती आल्याचे भासवून लोकांना भीती घातली, सांगितले तसे न केल्यास वाईट होईल असे धमकावले, तर गुन्हा. तो दखलपात्र, अजामीनपात्र. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड ५ ते ५० हजार.

म्हणजे देवीला भ्यायला मुभा आहे, त्या भीतीवर दुकान चालवायला नाही. हा फरक मला अगदी योग्य वाटतो. तापाने फणफणलेले पोर दवाखान्याऐवजी देवऋष्याकडे नेले जाते ते असल्या धाकामुळेच. कोरडा ओढत फिरणाऱ्या पोतराजाला या कायद्याचा धाक दाखवणे मात्र अन्याय आहे; तो मार स्वतःच्या अंगावर घेतो आणि पसाभर धान्य मागतो. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र घालणाराही याच कायद्याने गुन्हेगार ठरतो, हे विरोधाच्या गदारोळात फारसे कुणी सांगितले नाही.