राणीची बाग : उद्यानात वसलेल्या प्राणिसंग्रहालयाची पार्श्वभूमी

भायखळ्याच्या राणीच्या बागेसंबंधी गेल्या दोन दशकांत जे वाद झाले, मग ते पुनर्विकास आराखड्याचे असोत, पेंग्विनांचे असोत किंवा तिकीटदराचे, त्यांचे मूळ एका साध्या गोष्टीत आहे. ही जागा प्राण्यांसाठी निर्माण झालेली नव्हती. ती वनस्पती उद्यान म्हणून आखली गेली आणि प्राणी तेथे नंतर आले.

‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ या संस्थेची बाग पूर्वी शिवडीला होती. ती जागा दफनभूमीसाठी घेतली गेल्यामुळे संस्थेला भायखळ्याकडे यावे लागले. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते १९ नोव्हेंबर १८६२ रोजी नव्या बागेचे उद्घाटन झाले आणि तिला राणी व्हिक्टोरियाचे नाव देण्यात आले. डॉ. भाऊ दाजी लाड, जगन्नाथ शंकरशेट आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्या पुढाकारातून उभे राहिलेले वस्तुसंग्रहालय याच परिसरात १८७२ मध्ये खुले झाले. आज ते भाऊ दाजींच्याच नावाने ओळखले जाते. घारापुरी बेटाला ज्याच्यावरून ‘एलिफंटा’ हे नाव मिळाले, तो दगडी हत्तीही त्याच्याशेजारी आणून ठेवलेला आहे. शहरात ज्यांना अन्यत्र जागा उरली नाही अशा पुतळ्यांचा आश्रय पुढेही हीच बाग ठरली. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे मूळचा काळा घोडा, १९६५ मध्ये येथेच आला.

संस्थेला आर्थिक भार पेलेनासा झाल्यावर १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे गेली आणि आजही तिचा कारभार बृहन्मुंबई महानगरपालिकाच पाहते. १८९० च्या सुमारास बागेला सुमारे १५ एकरांची भर पडली आणि प्राणिसंग्रहालयाला हक्काची जागा मिळाली. त्या काळची समज अशी होती की प्राणी पाहायला मिळाला म्हणजे पुरे. त्याला किती जागा लागते, हा प्रश्न कोणी फारसा विचारत नसे. त्यामुळे लोखंडी गजांचे पिंजरे शतकभर तसेच राहिले. स्वातंत्र्योत्तर काळात बागेला वीरमाता जिजाबाई भोसले यांचे नाव मिळाले, मात्र पिंजऱ्यांची रचना बदलली नाही.

बदलाचा रेटा आला तो कायद्यातून. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा. त्यात १९९१ मध्ये दुरुस्ती होऊन १९९२ मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. तेव्हापासून प्राधिकरणाच्या मान्यतेवाचून देशात प्राणिसंग्रहालय चालवता येत नाही आणि वन्य प्राण्यांची देवाणघेवाणही प्राधिकरणाच्या परवानगीनेच, मान्यताप्राप्त संग्रहालयांमध्ये होते. पिंजऱ्याचे आकारमान, पशुवैद्यकीय सोय, एकाकी प्राण्याला जोडीदार, या साऱ्यांचे निकष आले. जुन्या पिंजऱ्यांना ते पेलणारे नव्हतेच. २०१४ मध्ये येथील शेवटची सिंहीण जिमी मरण पावल्यावर सिंहांचा पिंजरा रिकामा राहिला.

महापालिकेने पुनर्विकासाचा मोठा आराखडा आणला तेव्हा झाडे आडवी आली, किंवा झाडांच्या आड आराखडा आला असे म्हणणे अधिक रास्त ठरेल. बागेत सुमारे ३,००० झाडे आहेत. गोरखचिंच, कैलासपती आणि वसंतात फुलणारी उर्वशी पाहायला वनस्पतीप्रेमी मुद्दाम येतात. प्रशस्त आवारे बांधायची तर मुळांना धक्का लागणार, हे ओळखून नागरिकांनी आणि वनस्पतितज्ज्ञांनी ‘राणीची बाग वाचवा’ मोहीम चालवली. वारसा समितीनेही आक्षेप घेतले आणि आराखडा आटोपशीर करावा लागला. माझ्या मते हा विरोध प्राण्यांच्या विरोधात नव्हता. बागेचा मूळ हेतू कोणता, एवढेच त्याने महापालिकेला विचारले.

पेंग्विनांचा प्रकल्प याच सुधारित टप्प्यातला. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातील सोलहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले आणि ऑक्टोबरमध्ये त्यांपैकी एक मरण पावला, त्यावरून मोठी टीका झाली. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील हे पक्षी मुंबईच्या दमट हवेत वातानुकूलित दालनाखेरीज जगू शकत नाहीत आणि त्या दालनाच्या देखभालीचा खर्च कायमचा मागे लागतो. मार्च २०१७ मध्ये दालन खुले होताच गर्दी लोटली. त्याच वर्षी वर्षानुवर्षे ५ रुपये असलेले प्रौढांचे तिकीट ५० रुपये झाले. चार जणांच्या कुटुंबासाठी मात्र १०० रुपयांची सवलत ठेवण्यात आली. गिरणगावातल्या माणसाची ही स्वस्तातली सहल, हे भान त्यामागे असावे.

फेब्रुवारी २०२० मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) सिद्धार्थ उद्यानातून शक्ती आणि करिश्मा ही वाघांची जोडी आली. नव्या आवारात काचेपलीकडून त्यांना पाहता येऊ लागले, तोच करोनाच्या साथीमुळे बाग बंद झाली. वाढीव प्राण्यांसाठी शेजारच्या मफतलाल गिरणीच्या जमिनीचा विचार महापालिकेने पुढे चालवला, कारण मूळ बागेत एकही झाड न पाडता नवे आवार बसवण्याइतकी मोकळी जागा आता शिल्लक नाही.