हिलर कोणता? गाणं शिकवणारा की बेटोफेनचे केस जपणारा?

जर्मनीतल्या लाइपझिग शहरातल्या गेवांडहाउस वाद्यवृंदाच्या इतिहासात हिलर हे आडनाव दोनदा येतं. १७८१ साली पहिला संचालक योहान आडाम हिलर, आणि १८४३-४४च्या मोसमात संगीतकार मेंडेल्सनच्या जागी उभा राहिलेला फर्डिनांड हिलर. आजोबा-नातू असावेत असं वाटतं, पण दोघांचं काहीच नातं नाही. मुळात दोन्ही घराण्यांत हे आडनाव नव्हतंच. थोरला आधी 'ह्युलर' लिहायचा. धाकट्याच्या वडिलांचं मूळ आडनाव हिल्डेसहाइम. ज्यू असल्याचं कळू नये म्हणून त्यांनी नाव बदललं.

थोरला १७२८ साली गर्लिट्सजवळच्या खेड्यात, शाळामास्तरांच्या घरी जन्मला. लाइपझिगला आला कायदा शिकायला, रमला संगीतात. त्याची 'दी याग्ड'सारखी संगीत नाटकं लोकांनी डोक्यावर घेतली. पण मला तो मोठा वाटतो तो गाण्याचा मास्तर म्हणून. जर्मन माणूस वाद्य मन लावून शिकतो आणि गळ्याकडे दुर्लक्ष करतो, ही त्याची कळकळ होती. १७७१ साली त्याने गायनशाळा काढली आणि तिथे मुलींनाही घेतलं. चर्चच्या गायनवृंदात तेव्हा फक्त मुलगे गात, हे लक्षात घेतलं की या पावलाचं मोल कळतं. पुढे युरोपभर गाजलेली गायिका गर्ट्रूड मारा त्याच्याच तालमीतली.

त्याची दोन पुस्तकं पाहा. १७७४चं बिनचूक गाण्याविषयी, १७८०चं नजाकतीने गाण्याविषयी. आधी सूर आणि शब्द पक्के, हरकती-मुरक्या नंतर. क्रम स्पष्ट आहे.

फर्डिनांडचा जन्म १८११चा, फ्रँकफुर्टच्या सधन घरातला. तो पियानोवादक, संगीतकार शूमानने आपला पियानो कंचेर्टो (पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना) त्याला अर्पण केला. १८२७ साली संगीतकार बेटोफेनच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांच्या या मुलाने त्याच्या केसांची बट कापून घेतली, असं घरात सांगत आले. त्या केसांत शिसं सापडलं, त्यावर बरीच चर्चा झाली. २०२३च्या डीएनए तपासणीत मात्र ते केस एका स्त्रीचे निघाले. १८५०पासून फर्डिनांडची हयात जर्मनीतल्याच कलोन शहरात गेली.

संगीतकार मॅक्स रेगरची 'हिलर व्हेरिएशन्स' (हिलरच्या एका धूनेची बदलती रूपं) १९०७ साली पहिल्यांदा वाजली तीही कलोनलाच. म्हणून ती फर्डिनांडच्या धूनेवरची असावीत असं वाटू शकतं. ती धून थोरल्याची, त्याच्या एका संगीत नाटकातली आहे.