बारावीनंतरचे नियोजन : विद्यार्थी व पालकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

आमचे शैक्षणिक मार्गदर्शन केंद्र नाशिकमध्ये असून आमच्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी शहरातील, तसेच निफाड, दिंडोरी, सिन्नर, कळवण आणि सुरगाणा तालुक्यांतील कनिष्ठ महाविद्यालयांत शिकणारे असतात. केंद्रात येण्यापूर्वी विद्यार्थ्याने आणि पालकांनी एकत्र बसून हे माहितीपत्रक वाचावे, अशी आमची विनंती आहे. ते वाचून आपले काम आपल्यालाच करता आले आणि आमच्याकडे येण्याची गरज उरली नाही, तर त्याचाही आम्हाला आनंदच वाटेल.

बारावीनंतर काय करायचे, हा प्रश्न पुष्कळ घरांत निकालाच्या दिवशी पहिल्यांदा गांभीर्याने चर्चेला येतो. राज्य मंडळाचा बारावीचा निकाल २०२४ साली २१ मे रोजी आणि २०२५ साली ५ मे रोजी लागला. परंतु विधी अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा क्लॅट त्याआधीच्या डिसेंबरात होऊन गेलेली असते, अभियांत्रिकीच्या देशपातळीवरील जेईई मेन परीक्षेचे पहिले सत्र जानेवारीत होते आणि राज्याच्या बहुतेक सीईटींचे, म्हणजे सामाईक प्रवेश परीक्षांचे, अर्ज भरण्याची मुदत निकालापूर्वीच संपते. निकाल हातात येतो तेव्हा काही वाटा आधीच बंद झालेल्या असतात, आणि त्या बंद झाल्याचे घरात कोणाला ठाऊकही नसते. बीसीए, बीबीए आणि बीएमएस या संगणक व व्यवस्थापनाच्या पदवी अभ्यासक्रमांचे उदाहरण घ्यावे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता असलेल्या महाविद्यालयांत या अभ्यासक्रमांना प्रवेश घ्यायचा असेल, तर २०२४-२५ या वर्षापासून सीईटी द्यावी लागते. त्यापूर्वी बारावीच्या गुणांवर थेट प्रवेश मिळत असे आणि थोरल्या भावंडाचा प्रवेश तसाच झालेला असल्यामुळे धाकट्याच्या वेळी कोणी चौकशीच केली नाही, असे सांगणारे पालक आम्हाला आजही भेटतात. म्हणूनच पहिली बैठक बारावीच्या दिवाळीच्या सुटीत व्हावी, असा आमचा आग्रह असतो.

पहिल्या बैठकीत काय होते

या बैठकीत आम्ही कोणत्याही अभ्यासक्रमाचे नाव काढत नाही. विद्यार्थ्यापुढे एक कोरा कागद ठेवतो आणि मागच्या रविवारी सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत त्याने काय केले, ते तासागणिक लिहायला सांगतो. पालकांनी तेवढा वेळ बाहेरच्या खोलीत बसावे, एवढीच अपेक्षा असते. निफाड तालुक्यातील एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलीने या कागदावर दुपारच्या दोन तासांपुढे फक्त ‘वही’ असा शब्द लिहिला होता. विचारल्यावर कळले की, ऑक्टोबर छाटणीपासून मजुरांची हजेरी, उचल आणि आठवड्याचा हिशेब ती नववीपासून एकटीच सांभाळत होती. पुढच्या खेपेला तिने ती वही आणून दाखवली. प्रत्येक पानाच्या तळाशी बेरीज होती आणि जिथे ती जुळली नव्हती, तिथे लाल पेनाने कारण लिहिलेले होते. घरच्यांनी तिच्यासाठी नर्सिंग ठरवले होते. त्या मुलीचे मन हिशेबात आहे, हे ती वही पाहिल्यावर तिच्या वडिलांना आम्हाला वेगळे सांगावे लागले नाही. सनदी लेखापालाच्या फाउंडेशन परीक्षेची नोंदणी आणि सोबत बी.कॉम. असा मार्ग तिने स्वतः माहिती काढून निवडला.

अभियोग्यता चाचणीचा उपयोग आम्हीही करतो, परंतु चाचणीचा निष्कर्ष हा त्या दिवसापुरता पुरावा असतो. विद्यार्थी कोणते काम कोणी न सांगता करतो, हे पाहणे आम्हाला अधिक विश्वासार्ह वाटते.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

अभियांत्रिकी, औषधनिर्माण यांसारख्या अभ्यासक्रमांसाठीच्या राज्याच्या एमएचटी-सीईटीमध्ये चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा ठेवू नये. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या नीट परीक्षेत मात्र बरोबर उत्तराला ४ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला १ गुण कापला जातो, म्हणून तेथे अंदाजाने उत्तर देणे महागात पडते. दोन्ही परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याने ही सवय परीक्षेनुसार बदलायला हवी आणि त्याचा सराव आधीपासून करायला हवा.

सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. ९० पर्सेंटाइल मिळाले याचा अर्थ ९० टक्के गुण मिळाले असा होत नाही. त्या सत्रात परीक्षेला बसलेल्या दर १०० विद्यार्थ्यांपैकी ९० जणांना तितकेच किंवा त्याहून कमी गुण मिळाले, एवढाच त्याचा अर्थ आहे. परीक्षार्थींची संख्या मोठी असल्याने वरच्या टोकाला एकेका पर्सेंटाइलमध्ये हजारो विद्यार्थी असतात, आणि म्हणूनच ‘नव्वद मिळाले, आता कोणतेही कॉलेज मिळेल’ हा समज अनेक घरांत फोल ठरतो. अभियांत्रिकीची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते, तरीही बारावीकडे दुर्लक्ष करून चालत नाही. पात्रतेसाठी बारावीत आवश्यक विषयांमध्ये खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात.

कागदपत्रे : सर्वांत जास्त वेळ येथे लागतो

अभ्यासात मागे पडलेला विद्यार्थी वर्षभरात सावरू शकतो. कागद मागे पडला तर हातात आलेली जागा जाते, आणि असे होताना पाहणे आम्हाला फार जड जाते. म्हणून या भागावर आम्ही सर्वाधिक भर देतो.

व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेवर प्रवेश घ्यायचा असेल, तर केवळ जातीचा दाखला पुरत नाही. जात वैधता प्रमाणपत्रही लागते. हे प्रमाणपत्र जात पडताळणी समिती देते आणि ती पिढ्यांमागचा पुरावा मागते. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखांपूर्वीची जातीची नोंद असलेला कागद महत्त्वाचा मानला जातो. व्यवहारात याचा अर्थ असा की, आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा किंवा गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतील नक्कल शोधावी लागते. आजोबा ज्या गावात शिकले, तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन जुने रजिस्टर पाहण्यासाठी मुख्याध्यापकांना अर्ज द्यावा लागतो. ते मोडी लिपीत असेल तर लिप्यंतर करून घ्यावे लागते, आणि आजोबा कधी शाळेतच गेले नसतील तर त्यांच्या भावांचे किंवा चुलत्यांचे कागद आणि वंशावळीचे शपथपत्र जोडावे लागते. हे काम जून महिन्यात आठ दिवसांत उरकणारे नाही. अकरावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत अर्ज करावा. अर्जाची पावती जोडून वैधता प्रमाणपत्र नंतर देण्याची मुदत शासनाने काही वर्षी दिली आहे, परंतु तिच्यावर विसंबून राहणे आम्हाला धोक्याचे वाटते.

दुसरा कागद नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्राचा, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नाही असे सांगणाऱ्या दाखल्याचा. अनुसूचित जाती व जमाती वगळता अन्य मागास प्रवर्गांना तो लागतो आणि प्रांत कार्यालयातून मिळतो. प्रमाणपत्र घरात असते, पण त्यावरची मुदत कोणी वाचलेली नसते. मुदत ३१ मार्चला संपते, आणि ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या शेवटच्या ३१ मार्चपर्यंत ते वैध असणे आवश्यक असते. म्हणजे २०२६-२७ च्या प्रवेशासाठी प्रमाणपत्र ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध हवे. आर्थिक दुर्बल घटकाचे प्रमाणपत्रही असेच आर्थिक वर्षाशी बांधलेले असते. अधिवास प्रमाणपत्रासाठी राज्यातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, त्यामुळे नोकरीनिमित्त सातपूर किंवा अंबडच्या औद्योगिक वसाहतीत बाहेरून आलेल्या कुटुंबांनी हा कागद आधी तपासावा.

नावांचेही एकदा नीट पाहून घ्यावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांचे नाव एक, आधार कार्डावर दुसरे आणि बँकेच्या पासबुकावर तिसरेच, असे एकाच पिशवीतून निघालेले कागद आम्ही टेबलावर शेजारी शेजारी मांडून पालकांना दाखवले आहेत. दहावीच्या प्रमाणपत्रावरील नाव प्रमाण मानून बाकीचे त्याप्रमाणे दुरुस्त करणे सोपे जाते.

पसंतीक्रम कसा भरावा

केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजेच कॅप फेरीत, महाविद्यालय आणि शाखा यांचा पसंतीक्रम विद्यार्थ्याने भरायचा असतो. येथे एक चूक वारंवार होते. ‘मिळण्याची शक्यता जास्त’ म्हणून साधारण वाटणारे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर लिहिले जाते. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती आपोआप निश्चित होते आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. यादी इच्छेच्या क्रमाने भरावी. वरची जागा मिळाली नाही, तर यंत्रणा खालच्या पसंतीचा विचार करतेच, त्यात विद्यार्थ्याचे नुकसान होत नाही. नियमांत दरवर्षी काही बदल होतात, म्हणून त्या वर्षीची माहितीपुस्तिका आम्ही विद्यार्थ्यासोबत पानापानाने वाचतो आणि अर्जाचा लॉगिन व पासवर्ड त्याच्याकडेच ठेवतो. पासवर्ड दुसऱ्या कोणाच्या, आमच्यासुद्धा, हाती देऊ नये.

शाखा महत्त्वाची की महाविद्यालय, या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पुण्यातील महाविद्यालय पुष्कळांना आपोआपच मोठे वाटते. परंतु तेथील खोलीभाडे, मेस आणि प्रवास यांचा चार वर्षांचा खर्च मांडल्यावर, घरून ये-जा करता येईल अशा नाशिकमधील महाविद्यालयाचा विचार अनेक कुटुंबांनी नव्याने केला आहे. ज्यांना खर्च झेपतो आणि ज्यांची हवी ती शाखा तेथेच आहे, त्यांनी जरूर जावे.

खर्च आणि सवलती

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्गातील मुलींना, केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश घेतल्यास, शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्कात ५० ऐवजी १०० टक्के सवलत मिळते. ‘मुलीला एवढे पैसे कुठून आणायचे’ असे म्हणणाऱ्या प्रत्येक घराला हे माहीत व्हावे, अशी आमची तळमळ आहे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास ही सवलत लागू होत नाही, हेही लक्षात ठेवावे. शिष्यवृत्तीचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर दरवर्षी भरावे लागतात आणि विद्यार्थ्याचे बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह न मिळाल्यास स्वयम् योजनेतून निर्वाह खर्च मिळू शकतो. त्याची चौकशी एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करावी.

शैक्षणिक कर्ज घेताना ४ लाखांपर्यंत बँका सामान्यतः तारण मागत नाहीत, मात्र पालक सहकर्जदार असतात. हप्ते शिक्षण संपल्यानंतर सुरू होतात, परंतु व्याजाची आकारणी आधीपासूनच होत असते.

पदवीखेरीज इतर वाटा

बारावी विज्ञान उत्तीर्ण विद्यार्थ्याला तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो आणि पदविकेनंतर अभियांत्रिकीच्याही थेट दुसऱ्या वर्षाला. आयटीआय करून शिकाऊ उमेदवारी केलेल्या मुलाला ओझरचा विमान कारखाना, नाशिक रोडची मुद्रणालये आणि सातपूर-अंबडमधील कारखाने घरापासून लांब नाहीत. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकायचे असेल, तर १९८९ साली स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आपल्याच गावात, गंगापूर धरणाच्या परिसरात आहे. सैन्यदलातील अधिकारीपदासाठीच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची (एनडीए) परीक्षा वर्षातून दोनदा होते, बारावीत शिकत असतानाच देता येते आणि आता मुलींनाही खुली आहे. बारावीत एखादा विषय राहिला, तर जून-जुलैमध्ये पुरवणी परीक्षा होते. अशा विद्यार्थ्याच्या पहिल्या दोन बैठकांसाठी आम्ही शुल्क घेत नाही.

आमच्या कामाची पद्धत

आमचे शुल्क पहिल्या भेटीत लेखी सांगितले जाते आणि त्यात नंतर वाढ होत नाही. कोणत्याही महाविद्यालयाकडून किंवा शिकवणी वर्गाकडून आम्ही कमिशन घेत नाही आणि प्रवेशाची हमीही देत नाही. कोणी पैसे घेऊन वैद्यकीय किंवा अभियांत्रिकीची जागा मिळवून देतो असे सांगत असेल, तर त्याच्याशी व्यवहार करू नये.

पहिल्या भेटीला विद्यार्थी आणि किमान एक पालक यांनी यावे. सोबत दहावीची गुणपत्रिका, अकरावीचा निकाल, आधार कार्ड, शाळा सोडल्याचा दाखला आणि लागू असल्यास जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर व वैधता प्रमाणपत्र किंवा त्याच्या अर्जाची पावती आणावी. मूळ प्रती दाखवून परत न्याव्यात, आम्ही त्या ठेवून घेत नाही. विद्यार्थ्याने आवडीने केलेली एखादी गोष्ट, मग ती चित्रांची वही असो, दुरुस्त केलेला पंप असो वा हिशेबाची वही असो, तीही बरोबर आणावी. पंप आणणे शक्य नसेल, तर त्याचा फोटो पुरे.